ई-रिक्षातून कोल्हापूर: पंचगंगेचा घाट, चिखलीचा संगम आणि नदीतले मासेवाले, एका दिवसात कसं बघायचं

कोल्हापूरला पहिल्यांदा येणारा माणूस काय करतो तर सकाळी अंबाबाई, दुपारी तांबडा-पांढरा, संध्याकाळी रंकाळा आणि दुसऱ्या दिवशी पन्हाळा-जोतिबा करून गाडीत बसतो, आणि ज्या नदीच्या काठावर हे गाव वसलं ती पंचगंगा त्याला फक्त शिवाजी पुलावरून जाताना खिडकीतून दिसते, ती पण दोन मिनिटं. मला याचं खरंच वाईट वाटतं. म्हणून माझ्याकडं कोण पाहुणे आले की मी त्यांना एक अख्खा दिवस नदीच्या मागं मागं फिरवतो, आणि गेली काही वर्षं हे सगळं ई-रिक्षातून करतो. ते कसं करायचं हे सगळ्यांसाठी एकदा नीट लिहून ठेवतो.

रिक्षाच का, तर कार नदीकाठच्या बोळात जात नाही, गेली तर वळत नाही, आणि दुचाकीवर म्हातारी माणसं, लहान पोरं कशी न्यायची. आणि विजेचीच का, तर ते घाटावर पहाटे गेल्यावर कळतंय. इंजिनचा आवाज नाही, धूर नाही, गाडी हळूच जाऊन काठाला उभी राहते आणि पाण्याचा, पाखरांचा, कपडे धुणाऱ्यांचा आवाज बसल्या जागी ऐकू येतो. नदी बघायला जायचं तर असंच जायला पाहिजे.

आधी रिक्षा ठरवा, आदल्या दिवशीच

रस्त्यावर आपण ज्याला सरसकट ई-रिक्षा म्हणतो त्यात दोन प्रकार आहेत, आणि यात नवा माणूस हमखास गडबड करतो. एक ती हलकी, उघडी, चार जण बसतात ती, तिला कायद्यानंच ताशी २५ किमीच्या वर जाता येत नाही. दुसरी म्हणजे नेहमीच्या तीन सीटच्या रिक्षासारखीच दिसणारी विजेवरची ऑटो, मागं तीन माणसं, आणि ती ५० च्या आसपास आरामात पळते. गावातल्या गावात फिरायचं तर पहिली चालेल, पण आपल्याला शिवाजी पूल ओलांडून पलीकडच्या गावांत जायचंय, हायवेसारख्या रस्त्यावर ऊसाचे ट्रॅक्टर असतात, म्हणून दुसरीच घ्या. दोन्हीला नंबर प्लेट हिरवी असते आणि भाड्याची गाडी असेल तर हिरव्यावर पिवळी अक्षरं, हिरव्यावर पांढरी अक्षरं असली की ती खाजगी. एवढं बघून घ्या.

स्टँडवर (इथं सीबीएस म्हणतात) किंवा रेल्वे स्टेशनच्या बाहेर आदल्या संध्याकाळी जाऊन दोन-तीन मामांशी बोला. कोल्हापुरात रिक्षावाल्याला मामा म्हणायचं, तरणा असला तर दादा, आणि बोलणं सरळ असू दे. "मामा, उद्या पहाटे सहाला घाटावर, तिथनं चिखली, बावडा करून दुपारी परत, संध्याकाळी रंकाळा, मधी दोन तास जेवण आणि चार्जिंग, काय घेणार बोला" असं एका दमात सांगा. मोघम "दिवसभर फिरायचंय" म्हटलं की भांडणाला जागा राहते. तीन गोष्टी आधीच बोलून घ्या: थांबायचे पैसे धरलेत का, शहराबाहेर जायचे वेगळे आहेत का, आणि युपीआय चालतं का. या फेरीचं सगळं अंतर मिळून साधारण ४० किमीच्या आतबाहेर होतं, म्हणजे दिवसाचा खरा खर्च पळण्याचा नाही, थांबण्याचा आहे, हे लक्षात ठेवून दोघांना परवडेल असं ठरवा. फार घासाघीस करू नका, त्या माणसाचा अख्खा दिवस तुम्ही घेताय.

बॅटरीचं विचारायला लाजायचं नाही. "रात्री फुल्ल लावणार नव्हं?" एवढं विचारा. या ऑटोच्या बॅटऱ्या मॉडेलप्रमाणं साधारण सात ते नऊ युनिटच्या असतात, घरच्या जाड पिनच्या सॉकेटवर तीन-चार तासात भरतात, आणि कंपनी जी रेंज सांगते ती मोकळ्या सपाट रस्त्यावरची. तीन माणसं, पिशव्या, खड्डे, गर्दीतलं थांबणं-निघणं, यात ती कमी होणार हे धरूनच चला. आपली फेरी सपाट आहे म्हणून फुल्ल चार्जवर बिनघोर होते, तरी दुपारी जेवायच्या वेळेला गाडी लावून ठेवलेली बरी.

एक अनुभव सांगतो. एकदा पाहुण्यांनी हट्ट केला म्हणून दुपारी तीनला, अर्धी बॅटरी राहिलेली असताना तसंच जोतिबाच्या घाटात गाडी घातली, तीन माणसं आणि दोन मोठ्या बॅगा. चढाला काटा असा उतरायला लागला की मामा पण गप्प झाले, शेवटी मी आणि एक पाहुणा खाली उतरून चालत गेलो आणि वर एका चहाच्या टपरीवाल्यानं दीड तास सॉकेट दिला म्हणून परत आलो. उतारावर काही गाड्यांत थोडी बॅटरी परत भरते पण त्यावर हिशोब करायचा नसतो. म्हणून पन्हाळा-जोतिबा या दिवसात घुसडू नका, त्यासाठी वेगळा दिवस आणि एसटी आहे.

पहाट: पंचगंगा घाट

सहाला घाटावर पोचा, उन्हाळ्यात साडेपाचला. सीबीएसपासून गावातून जायला पहाटे दहा-पंधरा मिनिटं पुरतात. पेठांमधनं जाताना वाटेत एखाद्या तालमीतनं लाल मातीचा वास येतो आणि आत पोरं जोर मारत असतात, तिथं रिक्षा थांबवून बाहेरनं बघितलं तर कोण काय म्हणत नाही, फक्त आखाड्यात चप्पल घालून जायचं नाही आणि विचारल्याशिवाय फोटो काढायचा नाही.

घाटावर दगडी पायऱ्या, दीपमाळा, छोटी छोटी देवळं, त्यातली काही पावसाळ्यात पूर्ण पाण्याखाली जातात. पायरीवर बसा. दहा मिनिटं काहीच करू नका. पोहणारी म्हातारी मंडळी येतात, वर्षानुवर्षं रोज येणारी, ती आपणहून बोलतात, "कुठनं आलासा?" म्हणून विचारतात, आणि एकदा बोलणं सुरू झालं की पुराच्या गोष्टी निघणारच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर (नदीची पातळी मोजतात तो बावड्याजवळचा बंधारा) पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं, २०२१ ला त्याच्यापण वर. इथल्या माणसाला हे आकडे पाठ असतात, ३९ फूट म्हणजे इशारा पातळी, ४३ म्हणजे धोका, आणि जुलै आला की चहाच्या गाड्यावर पहिला प्रश्न "किती फुटावर हाय?" हाच असतो. घाटावरच्या माणसाला तेव्हा पाणी कुठवर आलतं एवढं विचारा, तो हात वर करून दाखवेल, आणि मग मान वर करून बघितल्यावर तुम्हाला नदी म्हणजे काय ते कळेल.

त्रिपुरारी पौर्णिमेला आलात तर मात्र पहाटे साडेतीन-चारलाच या. अख्खा घाट पणत्यांनी भरलेला असतो, रांगोळ्या असतात, आणि त्या दिवशी रिक्षा लांब लावून चालत यावं लागतं.

घाटाला लागूनच ब्रह्मपुरीची टेकडी आहे. आज बघितली तर घरं आणि बोळच दिसतात, नवा माणूस सरळ निघून जातो. पण जुनं कोल्हापूर इथं होतं. १९४५-४६ मध्ये सांकलिया आणि दीक्षित या पुरातत्त्वज्ञांनी इथं उत्खनन केलं तेव्हा सातवाहन काळातली वस्ती वर आली, आणि त्याच टेकडीवर रोमन जगातनं आलेल्या ब्राँझच्या वस्तू सापडल्या, त्यात ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडनची एक छोटीशी मूर्ती. समुद्र गाठायला सह्याद्रीचा घाट उतरायला लागतो एवढ्या लांब, नदीकाठच्या गावात समुद्राचा देव! ती मूर्ती आपण दुपारी टाऊन हॉलला बघणार आहोत, म्हणून आत्ता रिक्षा दोन मिनिटं टेकडीवरनं फिरवून घ्या, दुपारी त्याचा अर्थ लागतो.

शिवाजी पुलापलीकडं: संगम आणि मासेवाले

घाटावरनं निघालं की लगेच शिवाजी पूल. जुना दगडी कमानींचा पूल इंग्रजांच्या काळातला, शेजारी नवा झालाय, वाहतूक नव्यावरनं. पूल ओलांडला की हवा बदलते, खरंच सांगतो, दोन्ही बाजूला ऊस आणि गार वारा. मामांना सांगा आंबेवाडीवरनं प्रयाग चिखली. गुगल मॅपवर प्रयाग चिखली असंच टाका, नुसतं चिखली टाकलं तर भलतीकडं नेईल, चिखली नावाची गावं भरपूर आहेत.

प्रयाग चिखली म्हणजे जिथं पंचगंगा पंचगंगा होते ती जागा. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती अशा पाच नद्या, म्हणून पंचगंगा. तुळशी आणि कुंभी आधीच भोगावतीला येऊन मिळालेल्या असतात आणि इथं कासारी येऊन मिळते, म्हणून डोळ्याला दोनच प्रवाह दिसतात, तेवढ्यानं निराश होऊ नका. इथनं ही नदी कोल्हापूरला वळसा घालून इचलकरंजीकडनं पुढं नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. संगमावर दत्ताचं देऊळ आहे, माघात स्नानाला गर्दी असते, एरवी सकाळी सातला तुम्ही आणि पुजारी एवढेच.

आणि मासेवाले. हे कोकणातल्या कोळीवाड्यासारखं रंगीत होड्यांचं गाव नाही, तसं मनात धरून येऊ नका. हे ऊसाचं आणि म्हशीचं गाव आहे, पण नदीत जाळं टाकणारी माणसं इथं, घाटाच्या खालच्या अंगाला आणि बंधाऱ्यांजवळ सकाळी भेटतात. आपल्याकडं नदीतली मासेमारी पिढ्यान् पिढ्या करत आलेले ते भोई लोक. पद्धत साधी आहे, संध्याकाळी जाळं लावून जायचं आणि पहाटे उजाडायच्या आत उचलायचं, म्हणून आठनंतर आलात तर नुसती वाळत घातलेली जाळी दिसतील. याच कारणासाठी मी पहिल्यापासून सहा सहा म्हणतोय.

काय मिळतंय ते दिवसावर आणि पाण्यावर. कटला, रोहू आणि चिलापी नेहमीचे. मरळ मिळाली तर तो दिवस चांगला, कारण मरळीला काटा कमी आणि चव भारी, तिला गिऱ्हाईक आधीच ठरलेलं असतं. वाम सापासारखी लांब असते, नवी माणसं तिला बघून मागं सरकतात, पण कांदा-लसूण चटणी टाकून केलेली वाम ज्यानं खाल्ली तो परत विचारत येतोय. पहिल्या पावसात मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलटं, ओढ्यात, शेतात चढतात, त्यांना चढणीचे मासे म्हणतात. तेव्हा लोक अक्षरशः हातानं, टोपलीनं धरतात. माझं स्पष्ट मत आहे की चढणीचे मासे मागू नका, विकत घेऊ नका. पोटात अंडी घेऊन वर चाललेला मासा आहे तो, तोच उचलला तर पुढच्या वर्षी नदीत काय राहणार.

त्यांच्याशी वागायचं कसं ते सांगतो, कारण इथं पाहुणे चुकतात. जाळं उचलायचं काम चालू असताना प्रश्न विचारायचे नाहीत, ते चिडतात आणि बरोबरच आहे, पहाटेच्या त्या अर्ध्या तासावर त्यांचा दिवस असतो. काठावर येऊन मासे वेगळे करायला बसले की मग "काका, आज काय घावलं?" म्हणून सुरुवात करा. घरातली बाई विकायला बसली असेल तर मावशी नाहीतर वहिनी म्हणा. वाळत घातलेल्या जाळ्यावर पाय ठेवायचा नाही, ओलांडून पण जायचं नाही, वळसा घालायचा. फोटो विचारून. आणि घ्यायचं नसेल तर उगाच भाव करत बसायचं नाही. घेणार असाल तर घरनं एक डबा नाहीतर जाड पिशवी आणा, मासा साफ करून मागा, आणि दुपारच्या जेवणाच्या हॉटेलात आधी फोन करून "आमचा मासा करून देणार का" विचारा, लहान खानावळी बऱ्याचदा करून देतात. शहराच्या मच्छी मार्केटला जो मासा असतो त्यात कोकणातनं घाट चढून आलेला बांगडा-सुरमई जास्त, म्हणून नदीचा मासा खायचा तर तो इथनंच उचला.

एक गोष्ट लपवायची नाही. ही नदी आजारी आहे. शहराचं सांडपाणी जयंती नाल्यातनं हिला मिळतं, खाली कारखान्यांचं पाणी मिळतं, आणि उन्हाळ्यात पाणी कमी झालं की शिरोळकडच्या भागात मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या जवळजवळ दरवर्षी येतात. मासेमारी करणाऱ्याला हे सगळ्यात आधी कळतं, त्याच्या जाळ्यातच ते येतं. मी शहराच्या वरच्या अंगाला, संगमाजवळ मासा घ्या म्हणतो त्याचं कारण हेच. आणि तुम्ही निर्माल्य, प्लास्टिक, कुंकवाच्या पुड्या पाण्यात टाकू नका, हात जोडले तरी पोचतंय. कोल्हापूरनं गणपती नदीत न सोडता इराणी खणीत (पाण्यानं भरलेली जुनी दगडखाण) नाहीतर कुंडात सोडायचं, मूर्ती दान करायचं हे बऱ्यापैकी अंगी लावून घेतलंय, पाहुण्यांनी पण तेवढं पाळावं.

चिखलीत रिक्षा जरा गावातनं फिरवा. भिंतींवर पुराच्या पाण्याच्या रेघा काही ठिकाणी अजून दिसतात. १९८९ च्या पुरानंतर आंबेवाडी-चिखलीच्या लोकांना वर सोनतळीला जागा दिल्या, तरी जुनं घर, गोठा, शेत इथंच म्हणून माणसं राहतात, पाणी आलं की जनावरं घेऊन वर जायचं आणि ओसरलं की परत येऊन चिखल काढायचा. हे बघायला जाताना तमाशा बघायला आल्यासारखं वागू नका एवढीच विनंती.

गुऱ्हाळ, जमलं तर

दिवाळीनंतर ते मार्च या काळात आलात तर या पट्ट्यात कुठंतरी धुराडं दिसणारच. मामांना सांगा, "गुऱ्हाळ चालू असलं तर थांबवा." मोठ्या काहिलीत रस उकळत असतो, खाली चुलवाणात वाळलेली चिपाडं जळण म्हणून, वरची मळी काढायला भेंडीच्या झाडाचं चिकट पाणी टाकतात, आणि गुळव्या नावाचा जो जाणता माणूस असतो तो पाक बोटावर घेऊन ठरवतो कधी उतरवायचा. त्याच्याकडं थर्मामीटर नसतो, डोळा असतो. गरम काकवी मागा, देतात, बऱ्याच ठिकाणी पैसे घेत नाहीत, मग गूळ विकत घ्या. कोल्हापुरी गुळाला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेला आहे पण रंगाला भुलू नका, फार पिवळाधमक दिसला तर विचारा, चॉकलेटी-तांबूस गूळ घेतला तर मला जास्त बरं वाटेल.

आणि ही काहिल नीट बघून ठेवा, कारण पुरात रस्ते बुडाले की हीच काहिल पाण्यात सोडून तिच्यातनं माणसं, दुधाचे कॅन, औषधं ने-आण करतात. गूळ शिजवायचं भांडं आणि होडी एकच. चिखलीत कोणालाही विचारा, त्याच्याकडं काहिलीतनं गेल्याची गोष्ट असते.

परत येताना: राजाराम बंधारा, बावडा

आल्या वाटेनं परत येऊ नका. वडणग्यावरनं निगव्याकडं जाऊन राजाराम बंधाऱ्यावरनं कसबा बावड्यात उतरा. बंधाऱ्यावरचा रस्ता अरुंद आहे आणि पावसाळ्यात तो पाण्याखाली जातो, म्हणून वाहतूक चालू आहे का हे मामांना सकाळीच विचारून ठेवा, बंद असेल तर शिवाजी पुलावरनंच यायचं, हट्ट करायचा नाही.

बंधाऱ्यावर गाडी थांबवायला जागा असली तर पलीकडं लावून चालत या. हा कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. देशभरात इंजिनिअर लोक ज्याला केटी वेअर म्हणतात त्यातला के म्हणजे आपलं कोल्हापूर, हे इथल्या पोरांना पण माहीत नसतंय. दगडी खांब आणि त्यांच्या खाचांमध्ये बसवायच्या फळ्या, त्यांना बरगे म्हणतात. पावसाळा संपला की बरगे घालून पाणी अडवायचं, पावसाळ्याच्या आधी काढून नदीला मोकळी वाट द्यायची. पाणी अडवायचं पण पुराच्या वाटेत आडवं यायचं नाही, किती शहाणपणाची गोष्ट आहे. बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला खळखळत्या पाण्यात मासा जमतो, म्हणून गळ टाकून बसलेली माणसं इथं दिवसभर दिसतात. पुराचे ते सगळे फूट मोजतात ते पण इथंच.

आता साडेनऊ-दहा झालेले असतात आणि पोटात कावळे. कसबा बावड्यात आलाच आहात तर बावडा मिसळ खा. नव्या माणसासाठी सांगतो, कोल्हापुरात मिसळीबरोबर पाव नाही, ब्रेडच्या स्लाइस मिळतात, आणि रश्शाला कट म्हणतात, कट संपला की मागायचा, लाजायचं नाही. तिखट सोसत नसेल तर आधी सांगा.

बावड्यातच लक्ष्मी विलास पॅलेस आहे, शाहू महाराजांचं जन्मस्थळ, २६ जून १८७४. पंधरा मिनिटं द्याच. सकाळपासून आपण जे पाणी बघतोय त्यातला भोगावतीवरचा राधानगरी धरणाचा ध्यास या माणसाचा, आणि पूर आला की बातम्यांत "राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले" ऐकतो ते तेच धरण.

दुपार थोडक्यात

बावड्यातून न्यू पॅलेस जवळच. १८७७ ते १८८४ मध्ये बांधलेला, मेजर चार्ल्स मँटचा आराखडा, काळा घडीव दगड, आत म्युझियम. तिथनं टाऊन हॉल, तो पण मँटचाच, १८७२ ते ७६ मधला, आणि आत आपली पोसायडनची मूर्ती. ती वीतभर पण नाही, कपाटात पटकन नजरेतनं सुटते, म्हणून तिथल्या माणसाला "ब्रह्मपुरीचा समुद्रदेव कुठं?" असं विचारून बघा. सोमवारी म्युझियमं बंद असतात म्हणून ही फेरी सोमवारी करू नका.

मग जेवण, आणि मामांना पण जेवायला घाला किंवा जेवणाचे पैसे द्या. गाडी चार्जिंगला लावायला ते बहुतेक घरी जातात, दोन-अडीच तास द्या. नदीचा मासा करून मिळाला तर उत्तमच, नाहीतर मटणाचं ताट, पांढरा रस्सा आधी प्यायचा, गरम असताना. तोवर तुम्ही लॉजवर पडा, दुपारच्या उन्हात कोल्हापुरात कोणी फिरत नाही.

संध्याकाळ

चारला अंबाबाई. रिक्षा देवळाच्या दारापर्यंत जात नाही, बिंदू चौक किंवा शिवाजी चौकाच्या बाजूला उतरून चालत जा, परत कुठं भेटायचं ते ठरवून मामांचा नंबर घेऊन ठेवा. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर किरणोत्सव असतो, मावळतीचं ऊन महाद्वारातनं आत येऊन पहिल्या दिवशी देवीच्या चरणावर, दुसऱ्या दिवशी छातीवर, तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर येतं, हवा स्वच्छ असली तर. त्या दिवसांत गर्दी धरून चला. बाहेर भवानी मंडपातनं चप्पल लाईनला जाता येतं. चप्पल घेणार असाल तर घाई नको, चामडं वाकवून बघा आणि पहिले चार दिवस चावणार हे धरूनच घ्या.

साडेपाचच्या आत रंकाळ्यावर पोचा. रिक्षा सावकाश काठाकाठानं फिरवायला सांगा, विजेच्या रिक्षाची खरी मजा पहाटे घाटावर आणि संध्याकाळी इथं. पाणी कमी असलं तर संध्यामठ वर आलेला दिसतो, लांबवर शालिनी पॅलेस. कधी कधी केंदाळ (जलपर्णी) वाढलेलं असतं, पाणी हिरवं दिसतं, त्याचं वाईट वाटतंच. भेळ घ्या आणि सूर्य बुडेपर्यंत बसा.

शेवटचा थांबा गंगावेशीतला दूध कट्टा. संध्याकाळी म्हशी तिथं रस्त्याकडेला बांधलेल्या असतात, समोर धार काढून फेसाळ दूध ग्लासात देतात. पैलवानांनी चालू ठेवलेली सवय आहे ही. कच्चं दूध आहे, लहान पोरांना, पोट नाजूक असणाऱ्यांना देऊ नका, आणि आधी मासे खाल्ले असतील तर आमच्या घरातली म्हातारी माणसं दूध पिऊ देत नाहीत, तुम्ही तुमचं बघा.

मामांचा हिशोब इथंच मिटवा, रात्री लॉजच्या दारात नको, कारण त्यांना घरी जाऊन गाडी चार्जिंगला लावायची असते, त्यांची पहाट पण लवकरच होते. ठरल्यापेक्षा तास-दीड तास जास्त झाला असेल तर ते मागायच्या आधी आपणहून द्या. आणि परत यायचं असेल तर मासे कोणत्या दिवसात चांगले मिळतात ते त्यांनाच विचारून ठेवा, मला आतापर्यंत सगळ्यात चांगली मरळ रिक्षावाल्या मामांच्या फोनवरच कळलीय.